सुप्रियाच्या फेऱ्या

“पोरीला कळा सुरू झाल्यात आणि तुमी तिला चालवताय? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?”

बिद्री गावच्या शेवंतामावशींनी सुनेचा दंड माझ्या हातातून सोडवून घेतला.

आमच्या हॉस्पिटलात कळा सुरू झाल्या की बाई कॉटवर उताणी. का? पूर्वीपासून तसंच. मी इथली नर्स, नुकतीच ट्रेनिंगमध्ये ‘एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस’ शिकून आले होते. म्हणजे सवयीनं काही करायचं नाही. प्रश्न विचारायचा, अभ्यासांत काय निघालंय ते शोधायचं, आपल्या पेशंटला लागू पडतं का बघायचं, करायचं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. धोका नसलेल्या बाईनं सुरुवातीच्या कळांत चाललेलं बरं, असं अभ्यास सांगत होते.

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्या अभ्यासांचे कागद वाचले. “ठीक. एक पेशंट. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला. काही बिघडलं तर तुझं ट्रेनिंग तिथंच संपलं.”

ती पेशंट सुप्रिया. सकाळपासून झोपून होती आणि गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडून तिथंच अडलं होतं; दहापर्यंत जायला हवं. दुपारपर्यंत असंच राहिलं तर सलाइनमधून कळा वाढवायचं औषध द्यायचं ठरलं होतं.

“मावशी, यावर अभ्यास झालाय. पुष्कळ बायकांवर.”

“त्यात बिद्रीची कोण हुती?”

प्रश्न अगदी शास्त्रीय होता. ट्रेनिंगमध्ये त्यावर दोन स्लाइड होत्या. मला एकही आठवेना.

शेवटी सुप्रियाच म्हणाली, “आत्या, मी चालतो की. झोपून कंबर मोडली.”

मावशी धरायला म्हणून निघाल्या आणि पुढारीच झाल्या. “उचल पाय! थांबू नगंस!” कळ आली की सुप्रिया भिंतीला टेकायची, मावशी कंबर चोळायच्या, मी ठोके मोजायचे. ठोके उत्तम. आवाज ऐकून शेजारच्या वॉर्डातली एक पेशंट दारात आली. तिला बाळ होऊन दोन दिवस झाले होते. मावशींनी तिलाही रांगेत घेतलं.

दुपारी तपासलं तर आठ सेंटिमीटर. संध्याकाळी मुलगी झाली, औषधाशिवाय.

मी ऐटीत फाइल मॅडमसमोर ठेवली.

“एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही,” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. माझ्याच कागदात तसं लिहिलेलं होतं. “आणखी वीस कर, मग बोलू.”

तिसऱ्या दिवशी पुढच्या पेशंटच्या सासूला मी तेच कागद समजावत होते. डिस्चार्ज घेऊन निघालेल्या शेवंतामावशी थांबल्या. “ते कागुद ऱ्हाऊ द्या. पावणं, उठवा तिला. आमची चालली म्हनून सुटली.”

सासूबाईंनी उठून सुनेला हात दिला.

डॉक्टरांना पुरावा कागदावर लागतो. सासूला दुसरी सासू लागते.