मिस्त्रींच्या आवाजात भिजलेला ताग

नकलाकाराच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही स्टेज, टाळ्या, निदान एखादं प्रेमप्रकरण शोधत असाल ना? शोधा. इथे ताग आहे, तोही कॉस्टिक सोड्यात बुडवलेला.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. चिपळुणात शाळा संपवून मी घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चिकटलो. तागावर रेझिन ओतून, दाबून तिथे फळ्या करायचे. पण कच्च्या तागाच्या अंगाला चीक, त्यावर रेझिन धरत नाही. म्हणून आधी कॉस्टिकची आंघोळ. कमी ठेवला तर चीक तसाच, जास्त ठेवला तर कॉस्टिक धागाच खातं. वेळ ठरवायचे मिस्त्री. एक धागा काढून, धुऊन चिमटीत ओढायचे. मग ओरडले, "काढा भायर!" की दोन मावश्या ताग उपसायच्या.

मिस्त्री मालवणचे, गिरणी सोडून यात पडलेले. बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका शेठला सीटच्या पाठीसाठी फळी पसंत पडली तरच शेड टिकणार होती.

नमुन्याचा ताग टाकीत होता. मिस्त्रींनी धागा ओढून बघितला नि म्हणाले, "जरासो बाकी हा. च्या घेतंय, थयसून हाक मारतंय." थोड्या वेळाने समोरच्या हॉटेलातून हाक आली, "काढा भायर!" मावश्यांनी काठ्या उचलल्या. मी रेझिनच्या पिंपामागून मिस्त्रींच्याच आवाजात, "रवांदेत! आजून रवांदेत!"

राहू देत म्हटल्यावर मावश्यांनी काठ्या खाली ठेवल्या. अरे, झकास! मग काय, मावश्यांनी काठ्या उचलल्या की मी 'रवांदेत', असं आणखी दोनदा झालं. शेवटी मिस्त्री चहावरून परतायच्या आत कंटाळून मीच "काढा" म्हटलं. ओला ताग दिसायला एकदम फर्स्ट क्लास.

शेठ आले त्या दिवशी मिस्त्रींनी दोन स्टुलांवर त्याच तागाची फळी ठेवली, चपला काढल्या आणि ऐटीत वर चढले. कट्! फळीचे दोन तुकडे, मधे मिस्त्री.

"माझी हाक ऐकूक नाय आली?" ते बसल्या जागेवरून मावश्यांवर ओरडले.

"आली ना! मग तुम्हीच 'रवांदेत' म्हणालात. तीनदा!"

"मी? खोटां बोलतास? उद्यापासून येव नकात!"

एका मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी वाट लागली होती. 'मी होतो' हे शब्द काही केल्या फुटेनात. म्हणून जे येत होतं ते केलं. तोंड पिंपाकडे वळवलं आणि हळूच म्हणालो, "रवांदेत."

शेठ इतके हसले की डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, आठ दिवसांनी दुसरी फळी दाखवा. याला मात्र बांधून ठेवा."

ते गेल्यावर मिस्त्रींनी माझा कान धरला. "हसलो तो. आणि नसतो हसलो तर? शेड बंद, मी घराक, ह्या दोघी रस्त्यार. इतक्यां केलंस नि तोंड वर करून हुबो? जा, मावश्यांची माफी माग. आणि मेल्या, माझ्या आवाजात नको. तुझ्या!"