जर्मनीला गेलेली दाढ

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी काउंटरला बसते. आत खुर्चीत तोंड उघडं ठेवायचं असतं, बोलायचं नसतं. म्हणून सगळे आपलं बोलणं बाहेर माझ्यापाशीच उरकून घेतात. आयटीत लागलेली मुलं परदेशी जायला लागल्यापासून तर किस्से ठेवायला जागा पुरत नाही.

देवधरकाका आणि काकू मुलाकडे जर्मनीला निघाले होते. काकांची डावीकडची दाढ किडलेली. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही काढूनच जा. उजवीकडची दिसायला काळी आहे, पण ठणठणीत आहे. तिच्यावर तुमच्या बसवलेल्या दातांचा ब्रिज उभा आहे. ती गेली की भाकरी विसरा."

"आल्यावर बघू," काका म्हणाले.

"बघा. दाढेला काही व्हिसा लागत नाही."

*

त्या दिवशी बाकावर मंजिरी होती, नुकतीच टोकियोहून आलेली. तिकडे तिची दाढ दुखली म्हणून ती सासूबाईंना सोबत घेऊन दवाखान्यात गेली. जपानी दोघींनाही येत नाही. तिथे दिव्याचा त्रास नको म्हणून पेशंटच्या डोळ्यांवर टॉवेल टाकतात. सासूबाईंनी दारातून डोकावून पांढरा टॉवेल पाहिला आणि मराठीतच ओरडल्या, "अहो, जिवंत आहे ती! नुसती दाढ दुखतेय!"

काका खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. "तुम्ही काढूनच चला बाई," म्हणाल्या.

काकांनी ऐकलं नाही.

*

जर्मनीत दाढ ठणकलीच. मुलगा ऑफिसच्या कामाला दुसऱ्या गावी. शेजारीण दोघांना दवाखान्याच्या दारात सोडून गेली.

आपल्या सवयीने यांनी बूट बाहेर काढले. मागून आलेल्या बाई ते बघून थबकल्या, त्यांनीही काढले. मग एक आजोबा आले, त्यांनीही. नर्सने दार उघडलं तर बाहेर बुटांची रांग आणि आत सगळे मोज्यांवर.

"अगदी देवळाबाहेर असतात तसे," काका मला सांगत होते. "फक्त परत जागेवर सापडले."

*

डॉक्टरांना इंग्रजीही येत नव्हतं. त्यांनी काकांच्या तोंडात दिवा धरला, काळी दाढ पाहिली आणि इंजेक्शन घेऊन उजवीकडे वळले. काकांचा आ वासलेला. त्यांनी नुसतेच हातपाय झाडले. डॉक्टरांना वाटलं, घाबरलेत. त्यांनी प्रेमाने खांदा थोपटला.

काकू उठल्या. कपाळावरची लाल टिकली काढली आणि काकांच्या डाव्या गालावर चिकटवली. "ही," म्हणाल्या. मग उजव्या गालापुढे बोट नाचवून, "हिला हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी टिकलीकडे पाहिलं, काकूंच्या कपाळाकडे पाहिलं आणि डावीकडे आले.

दाढ निघाली. काका गालावर टिकली घेऊनच बाहेर आले, बाकावरचे आजोबा टक लावून बघत राहिले, तेव्हा काकूंनी ती काढून पुन्हा आपल्या कपाळाला लावली.

*

पुढच्या आठवड्यात दोघं जखम दाखवायला गेले. या वेळी बूट घालूनच. बाकावर मागच्या वेळी मोज्यांवर बसलेले ते आजोबा होते. त्यांच्या उजव्या गालावर लाल कागदाचा एक गोल तुकडा चिकटवलेला होता. काकूंना बघून त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि अदबीने मान झुकवली.