काचेच्या तारेची राखण

गावोगावी इंटरनेट पोचवण्याचं धोरण सरकारनं आखलं, तेव्हा ते कुणाकुणाला पटलं ते मला माहीत नाही. पण ते कानामात्रेसकट अंगावर घेणारी व्यक्ती अख्ख्या देशात एकच निघाली, आणि ती माझ्या बायकोची मावशी, हे मी छातीठोकपणे सांगतो. गंमत म्हणजे मावशींकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. "फोनवर माणूस बिनदिक्कत खोटं बोलतंय, समोर बसलं की जरा तरी लाजतंय," असं त्यांचं मत होतं. आपल्याला नको असलेल्या गोष्टीसाठी एवढी पायपीट करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

लोहारा तालुक्यातल्या त्यांच्या गावात मावशींनी उभा जन्म अंगणवाडी सेविका म्हणून काढला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरचं प्रत्येक माणूस त्यांना पाच वर्षांचंच दिसतं. सरपंचाला त्या "नाक पूस" म्हणतात, पोलीसपाटलाला "पाय हलवू नको" म्हणतात, आणि दोघंही निमूट ऐकतात, कारण दोघांनीही त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली आहे. मी जावई, म्हणून मला तेवढं "तुम्ही". तरी लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा "जावईबापू, हात धुतलाव का?" असं विचारून त्यांनी माझे तळवे उलटसुलट करून पाहिले होते.

एका सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनापूर्वी मावशी ग्रामपंचायतीची खोली झाडायला गेल्या. तिथं कपाटाच्या वर, जुन्या बॅनरच्या भेंडोळ्याखाली, एक पांढरा डबा त्यांना सापडला. हे काय, म्हणून त्यांनी शिपायाला विचारलं.

"इंटरनेट हाय, मावशी. काचेच्या तारेतनं येतंय म्हणं."

"मग कुठाय?"

"आजून वरनं सोडलं न्हाय."

हे "वरनं" म्हणजे नेमकं कुठून, याचा शोध मावशींनी दुसऱ्या दिवशीपासून घ्यायला सुरुवात केली. लोहाऱ्यात कुणी सांगितलं उमरग्याला विचारा, उमरग्यात कुणी सांगितलं धाराशिवला जा. अशा रीतीनं एका सकाळी त्या एसटीनं धाराशिवातल्या आमच्या दारात येऊन ठेपल्या आणि चहा व्हायच्या आधी मला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या तरुण साहेबांनी त्यांना समजावलं, की हे राष्ट्रीय धोरण आहे, प्रत्येक ग्रामपंचायत जोडायची आहे, हळूहळू होईल. मावशींनी सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "बाळ, 'प्रत्येक' म्हंजे काय?"

साहेब गोंधळले. "प्रत्येक म्हणजे... सगळ्या."

"मग आमची त्याच्यात येती का न्हाय?"

"येते ना."

"मग मी बसते हितं. तू कर तुझं काम."

त्या बसल्या. डबा उघडून जेवल्या. साहेबांनी डबा आणला नाही हे कळल्यावर अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि ती संपेपर्यंत नजर हटवली नाही. चार वाजता साहेबांनी फोन उचलला. आठ दिवसांत गावात माणूस आला. पाण्याच्या पाइपसाठी खोदताना तार तुटली होती आणि त्या पांढऱ्या डब्याची बॅटरीही मेली होती, एवढंच. त्यानं दोन्ही दुरुस्त केलं आणि डब्यावर हिरवा दिवा लागला. कुणीतरी हळदकुंकू आणायला निघालं, तर मावशींनी त्याला थांबवलं. आमच्या सासरच्या बौद्ध घरात असल्या गोष्टी चालत नाहीत. "माणसानं केलंय, माणसानं वापरावं. जय भीम म्हणा आन् कामाला लागा," त्या म्हणाल्या.

डब्याचं वायफाय बाहेरच्या कट्ट्यापर्यंतच पोचायचं. मग ग्रामपंचायतीच्या त्या कट्ट्यावर जे सुरू झालं ते पाहायला मी मुद्दाम रजा टाकून गेलो होतो. सातबाऱ्याच्या एका कागदासाठी जीपला लोंबकळून दिवस घालवणारी माणसं कट्ट्यावर बसून कागद काढत होती. कुणी लातूरच्या सोयाबीनचा भाव बघून गाडी भरायची की थांबायचं ते ठरवत होतं. शिवणकाम करणारी एक बाई नव्या नमुन्याचे ब्लाऊज बघून घेई, तर एक म्हातारा पुण्यातल्या लेकीशी बोलताना फोन कानाला लावायचा, त्यामुळे लेकीला रोज बापाचा फक्त कान दिसायचा. आणि या सगळ्यांवर मावशींची शिस्त. आधी म्हातारे, मग अभ्यासवाले, मग कागदवाले. गाण्यावाले शेवटी, तेही पाढे म्हणून दाखवल्यावर.

पण मावशींचं खरं रूप मला दिसलं ते त्या ऑगस्टात, पुन्हा गावी गेलो होतो तेव्हा. शेजारच्या एका शेतमजूर बाईच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. वेबसाइट सारखी अडकत होती आणि मुलगी सकाळपासून कट्ट्यावर रडवेली होऊन बसली होती. नेमका त्याच दिवशी गावाबाहेर रस्ता रुंद करायला जेसीबी आला. मावशींना तारेची वाट पावलागणिक पाठ होती. पदर खोचून त्या निघाल्या. मी मागोमाग पळालो.

मावशी सरळ जेसीबीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चालक ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा! मरायचंय का?"

"नाव काय रं तुझं? जेवलास का?"

"न्हाय अजून. पर सरका ना!"

"मग उतर खाली. हितं दोन हातावर तार हाय. आमच्या पोरीचा फॉर्म तिच्यातनं जायलाय."

चालकानं इंजिन बंद केलं. "तारेतनं फॉर्म कसा जाईल, मावशी?"

"कसा जातोय ते मला म्हाईत न्हाय. पर तू खोदलास तर जाणार न्हाय, एवढं कळतंय."

ठेकेदाराचे दोन फोन आले. चालकानं दोन्ही वेळा "मशीन गरम झालंय" सांगितलं, आणि बाभळीच्या सावलीत बसून मावशींनी माझ्याकरवी घरून मागवलेलं पिठलं खाल्लं. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. मी दिलेलं पाणी त्या उभ्या उभ्याच प्यायल्या. "जावईबापू, ह्या पोरीची आई माझ्या अंगणवाडीत सगळ्यात हुशार होती," त्या हळूच म्हणाल्या. "चौथीनंतर खुरपायला गेली. मला थांबवता आलं न्हाय तवा."

तीनच्या सुमाराला ती मुलगी चप्पल हातात घेऊन पळत आली. "गेला, मावशी! फॉर्म गेला!" मावशी मटकन खाली बसल्या. मग चालकाकडं वळून म्हणाल्या, "आता खोद बाळ. दमानं, जरा अंतर राखून." आणि त्यानं खरंच तीन हात बाजूनं खोदलं.

ती मुलगी आता सोलापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. गावात तारा घरोघर गेल्या. शिवणकामवाल्या बाईंनी घरातच दोन मशिनी टाकल्या, म्हाताऱ्याला पडद्यासमोर तोंड धरायचं कळलं. कट्ट्यावर यायची कुणाला गरज उरली नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा संध्याकाळी मावशी तिथं एकट्याच बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, सुनं सुनं वाटतंय का?"

"छे! लई चांगलं झालं. ह्याच्यासाठीच तर केलं सगळं." मग म्हणाल्या, "पूर्वी कुणाच्या घरात काय चाललंय ते हितं बसल्या बसल्या कळायचं. आता जाऊन इचारावं लागतंय. रोज एक घर घेते मी. आज कुंभारवाड्याकडं जायचंय."

मी त्यांच्यासोबत चालत निघालो. एका दारापाशी त्या थांबल्या. आत चौघं चार फोनांत माना घालून बसले होते. मावशींनी कडी वाजवली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. घरातल्या सुनेचं लक्ष गेलं. "अगं बाई, मावशी! या की आत," म्हणत ती उठली, आणि चौघांनीही सरकून सतरंजीवर मधोमध त्यांना जागा करून दिली.