रस्सा, कांदा आणि आश्रुबाची कवळी

...तर कवळी राहिली घरीच. काल इथवरच आलो होतो आपण. हिरडीला फोड आलेला, म्हणून कंदुरीच्या दिवशी सकाळीच आश्रुबानं दातांची कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली आणि तसाच बोळक्या तोंडानं राधाकिशनच्या मळ्यात रस्सा करायला गेला. त्याच वाटीनं पुढं त्याची अब्रू राखली, ते आता ऐका.

लिंबागणेशपासून नेकनूरपर्यंत कुणाचीही कंदुरी, म्हणजे देवाला बोकड कापून घातलेलं गावजेवण असो, मटणाच्या डेगीपाशी आश्रुबाच लागतो. चाळीस वर्षांत गड्यानं कधी मीठ चाखून पाहिलं नाही. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून नुसत्या वासावर ओळखायचं. राधाकिशनच्या नव्या विहिरीला पाणी लागलं, तेव्हा म्हसोबाला बोकड कापले. चारशे पान उठलं. सगळ्यांचं झाल्यावर डेगीआड बसून आश्रुबानं भाकरी कुस्करली आणि चार वाट्या रस्सा वरपला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसं पोट धरून बसली. जुलाब, उलट्या, अंगात ताप. जीपा भरभरून बीडच्या दवाखान्यात नेली. ऐंशी जण सलाईनवर, आणि आश्रुबा ठणठणीत. हीच तर पंचाईत झाली.

राधाकिशनचा पुतण्या युवराज खाटेवर पडल्या पडल्या भेटायला येईल त्याला सांगायला लागला, "आमी सगळे पडलो, अन् रांधणाराला साधी ढेकर न्हाई. कावून? त्यानं खाल्लंच न्हाई. त्याला ठावं व्हतं, मटण खराब हाय."

संध्याकाळी लिंबागणेशहून फोन आला. रविवारची कंदुरी दुसऱ्या माणसाला दिली म्हणे. आश्रुबानं फोन ठेवला आणि घासून ठेवलेली डेग पुन्हा घासायला बसला. बायको केशरबाई बघत होती.

"घासून भोक पाडता का काय तिला?"

"सकाळच्या गाडीनं बीडला जातो. माज्या रश्श्यात काय व्हतं, ते मला कळाया पायजे."

"तिथं लोक अंगावर येतील तुमच्या."

"येऊ दे. ताकद कुनाला हाय उठायची?"

दवाखान्यात स्वप्नाली नावाची तरणी डॉक्टरीण वही घेऊन खाटेखाटेला विचारत फिरत होती, काय खाल्लं, काय नाही खाल्लं. आश्रुबा आपण होऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"लिवा माजं बी. रांधणारा म्याच."

"काय खाल्लंत, बाबा?"

"भाकर अन् रस्सा. चार वाट्या."

"कांदा, काकडी?"

आश्रुबानं आ करून दाखवला. "कशानं चावू, बाई?"

बाजूच्या खाटेवरचे हसले. डॉक्टरीण मात्र हसली नाही. तिनं वहीची पानं मागं उलटली.

"जेवून चांगलं राहिलेलं आणखी कोण आहे गावात?"

आश्रुबानं आठवून सांगितलं. दगडाबाई, ऐंशीची म्हातारी, तिलाही दात नाहीत. आणि शेवटच्या पंगतीतल्या बाया. त्यांनी मटण चापून खाल्लं होतं, पण त्यांच्यापर्यंत कांदा आलाच नाही, आधीच संपला.

"कांदा कुणी चिरला होता?"

युवराज सलाईनचा हात सांभाळत उठून बसला. "म्या चिरला. दोन पाट्या, एका दमात. विळ्या कमी पडल्या, मग खाटकाचा ओंडका व्हता की मोकळा. त्याच्यावर सटासट."

"मटण तोडलेला ओंडका? धुतला होता?"

"धुतला की. तांब्याभर पानी वतलं."

डॉक्टरीण म्हणाली, कच्च्या मटणावर जंतू असू शकतात. तासभर उकळल्यावर डेगीतले मेले. ओंडक्यावरचे मात्र जिवंत राहिले, ते कांद्यात शिरले, आणि कांदा तर कुणी उकळत नाही. नक्की काय ते तपासणीत कळेलच.

आश्रुबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो हात जोडून म्हणाला, "बाई, येवढं पुन्यांदा सांगा. जरा मोठ्यानं. त्या कोपऱ्यातल्या खाटेपोतर जाऊ द्या."

पाचव्या दिवशी तपासणीचा कागद आला. साल्मोनेला की काय त्या जंतूचं नाव, आणि डॉक्टरीण बोलली होती तसंच निघालं. तोवर ऐंशीच्या ऐंशी माणसं धडधाकट होऊन घरी आली होती, भाकरी मागत होती. आश्रुबानं त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवण केलं.

दुपारी राधाकिशन स्वतः दारात आला. मागं युवराज, मान खाली.

"आश्रुबा, लिंबागणेशवाल्यांशी बोललो मी. रविवारी डेग तुमीच लावायची. अन् ह्याला संगं न्यायचं का घरी बसवायचं, तेबी तुमीच सांगा."

आश्रुबानं वाटीतून कवळी काढली, झटकली, तोंडात नीट बसवली. युवराजला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येऊ द्या की, राधाकिशनराव. कांदा आमची केसर घरून चिरून देईल. ह्यानं निस्ता त्यो ओंडका उचलायचा, लई लांब न्हेऊन ठिवायचा, अन् पंगत उठंस्तवर त्याच्यावरच बसून ऱ्हायाचं."