बाबांनी न केलेली सही

वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, गॅलरीतल्या दोरीवर बाबांचा निळा डगला वाळत असायचा आणि कितीही धुतला तरी त्याला रॉकेलसारखा, पण जरासा गोडसर, विमानाच्या इंधनाचा वास यायचा... वैशाखात डगला तापला की तो वास थेट स्वयंपाकघरात शिरे, आणि आई पदराने नाक झाकत म्हणे, "आलं बाई यांचं विमान!"

बाबा एका छोट्या विमान कंपनीत अभियंता होते. आज तिचं नावही कुणाला आठवत नाही. तीनच विमानं, एकोणीस आसनांची, दोन पंख्यांची. सकाळी नाशिकला, सोलापूरला, कोल्हापूरला जायची आणि दुपारपर्यंत परतायची. उड्डाणाआधी विमान तपासून बाबा कागदावर सही करत. त्या सहीवाचून वैमानिक जागचा हलत नसे. शाळेत मी या सहीचा फार तोरा मिरवत असे.

मी नऊ वर्षांची असताना, मार्गशीर्षातल्या एका पहाटे कोल्हापूरहून शेजाऱ्यांकडे फोन आला — आईचे वडील, आप्पा, अत्यवस्थ होते. लेकीचं नाव घेत होते. बाबांनी धावपळ करून सकाळच्या विमानात आम्हा दोघींना जागा मिळवून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत होते मी. थंडगार खिडकी, नव्या रेक्झिनचा वास, आणि मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसलेली आई... आप्पांचं आजारपण विसरून मी मनातल्या मनात हरखले होते. त्याची लाज अजून गेलेली नाही.

पंखे फिरेनात. खिडकीतून मला बाबा दिसले — चाकाजवळ उकिडवे बसलेले, बोटाने कसलासा ओघळ पुसून पाहणारे. थोड्या वेळाने सगळ्यांना खाली उतरवलं. चाकाच्या ब्रेकची नळी पाझरत होती आणि बदलायला दुसरी नळी तिथे नव्हती.

"एवढंसं तर तेल आहे! तुमचंच कुटुंब आहे ना आत? सासरे अत्यवस्थ आहेत ना तुमचे?" कंपनीचे साहेब ओरडत होते.

"आहेत," बाबा म्हणाले. "पण मी सही नाही करणार."

प्रवासी चिडले, कुणी वाटेल ते बोललं. बाबा मान खाली घालून उभे राहिले. मग आमच्यापाशी येऊन आईला पुटपुटले, "माझा नाइलाज आहे गं."

"मी काही विचारलं का तुम्हाला?" आई म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

आम्ही दोघी बसने गेलो. पोहोचलो तेव्हा अंगणातल्या चुलीवरचं पाणी निवलं होतं, मामाचं डोकं भादरलेलं होतं... आई उंबऱ्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवून तेच विमान गेलं आणि सुखरूप परत आलं. आदल्या दिवशी काय झालं असतं, हे मात्र कुणालाच कधी कळणार नव्हतं. आईकडचे लोक बरीच वर्षं बाबांशी तुटक वागले. आई बाबांना एका शब्दानेही बोलली नाही. पण माहेरी जायचं तर बसनेच जाई.

पुढे कंपनीची दशा दशा झाली. एक विमान विकलं. दुसऱ्याचे भाग काढून तिसरं चालवलं. मग तेही थांबलं. उड्डाणं बंद झाल्यावरही बाबा काही महिने डबा घेऊन हँगरमध्ये जात, उभं विमान पुसून येत. शेवटी कोलशेतच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम त्यांनी धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. विमानांविषयी ते पुन्हा बोलले नाहीत.

आता वर्तकनगरची ती इमारत पाडून तिथे टॉवर उभा आहे आणि आई-बाबा नवव्या मजल्यावर राहतात. गेल्या महिन्यात मी गेले होते. आई वाल सोलत होती. पेपर वाचता वाचता बाबांनी तो खाली ठेवला आणि इतक्या वर्षांनी, एकदम, तिला विचारलं,

"मी त्या दिवशी सही केली असती, तर बसली असतीस?"

कुठला दिवस, असं आईने विचारलं नाही.

"बसले असते की. तुमची सही म्हटल्यावर..." वालाची सालं बाजूला सारत ती म्हणाली. मग पुढची मूठ सोलायला घेत, अगदी हळू, "आणि आप्पा भेटले असते."

बाबांनी मान डोलावली. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि तिच्या ताटातले वाल सोलू लागले.