मामांच्या शेजारची जागा

आमच्या मामांइतका हट्टी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. होऊही नये, कारण या एकालाच सांभाळताना आमच्या घराच्या तीन पिढ्या बेजार झाल्या. ताडकळसच्या पुढं, आडवळणाच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. दुकानदारानं माल विकायचा असतो, ही साधी गोष्ट त्यांना जन्मात पटली नाही. गिऱ्हाईक दारात आलं की मामा कपाळावरचे भस्माचे पट्टे आक्रसून म्हणायचे, "तूरडाळ नगं नेऊ. शिजत न्हाई. काल मीच शिजवून बघितली." गूळ मागितला तर त्याला मुंग्या लागलेल्या असायच्या, साबण मागितला तर फेस येत नसायचा. तरुणपणी माझ्या आजोबांनी त्यांच्यासाठी मुली बघितल्या, तेव्हा एका मुलीच्या बापानं सहज विचारलं, "मुलगा कसा आहे?" मामा स्वतःच म्हणाले, "डोकं फिरेल हाय. पोरगी देऊ नका." बापानं शहाण्यासारखं ऐकलं. मामा तसेच बिनलग्नाचे राहिले, आणि त्याचा दोष मात्र आयुष्यभर आजोबांना दिला.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात, अंगावर भस्म आणि बेलाची पानं घालतात आणि मातीआड करतात. एरवी माणसं ही व्यवस्था मागं राहणाऱ्यांवर सोडून मोकळी होतात. मामांचा कुणावर विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या शेताच्या कोपऱ्यात, निंबाखाली स्वतःच खड्डा खणून घेतला आणि दर सोमवारी पूजा आटोपली की त्यात उतरून मांडी घालून बसायचे. "पाठीला जरा उतार पायजे," वर आल्यावर सांगायचे. "कायमचं बसायचंय, भाच्या. एका जाग्याला अवघडून चालंल का?" एकदा एक म्हशीवाला शेजारून चालला होता. जमिनीच्या वर नुसतं डोकं, कपाळाला भस्म, डोळे मिटलेले. मामांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती वाजले रं?" तो म्हशी तिथंच सोडून जो पळाला, तो तापानं फणफणून घरात पडला. मामा दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन त्यालाच रागावून आले, की विचारलेलं सांगितलं नाहीस.

अशा माणसाला साठी उलटल्यावर प्रेमानं गाठलं. वरच्या गल्लीत एक मराठ्यांची बाई होती, फार पूर्वी विधवा झालेली. मुलगा लग्नाचा होऊन दिरांच्या पंखाखाली गेलेला, आणि ही मागच्या खोलीत एकटी. ती शेंगदाणे घ्यायला आली. मामा सवयीनं म्हणाले, "खवट हायत." बाईनं पोत्यात हात घातला, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "कोण म्हणतंय खवट? चांगले हायत की. कामून खोटं बोलायलाव, आप्पा?" मामांच्या मालाला चांगलं म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. त्या दिवसापासून मामा बिघडले. स्वच्छ धोतर काय, दुकानापुढं पाणी शिंपडणं काय! मी तेव्हा जिंतूरला जिनिंगमध्ये कामाला होतो. गावाकडून फोन आला की, "तुझा मामा आरशात बघायलाय, लवकर ये."

मी पोचलो तोवर दोघांनी महादेवाच्या देवळात एकमेकांना हार घातलेही होते. देवळात पुजारी आणि एक कुत्रं, एवढीच वऱ्हाडी मंडळी. मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मामी मिळाली. गावानं मात्र तोंड फिरवलं. आमची भावकी दुकानाची पायरी चढेना, तिचा मुलगा रस्त्यात दिसला तर मान खाली घालून जायचा आणि दीर मुद्दाम दारावरून घाण बोलत जायचे. मामी हळदीकुंकवाला बायका बोलवायची आणि भरलेलं ताट घेऊन एकटीच बसून राहायची. मला तिची दया यायची आणि गावाचा संताप यायचा. मामा बाहेरून ओरडायचे, "माझ्या कपाळाला लाव गं! भस्मावर कुंकू बरं दिसंल!"

घरातही गंमत कमी नव्हती. मामी खंडोबाची भक्त, तिला मटण लागायचं. मामांच्या घरात सात पिढ्यांत अंड्याचं टरफल आलं नव्हतं. शेवटी परसात वेगळी चूल मांडली, वेगळी भांडी आली. मामी तिथं शिजवायची आणि मामा दुकानात बसून तिचा मसाला स्वतः कुटून द्यायचे. मी म्हटलं, "मामा, हे कशात बसतं?" तर म्हणाले, "खंडोबा कोण? महादेवच की. मसाला महादेवाचा, बकरं खंडोबाचं. मी मधी कुठं हाय?" आणि भिंतीआडून विचारायचे, "मीठ बरूबर हाय का गं?"

निंबाखाली आता दुसरी जागा खणली गेली, पहिलीला लागूनच. मामीला हे मान्य होतं. ती म्हणायची, "जित्तेपणी कुणी शेजारी बसू दिलं न्हाई, मेल्यावर तरी बसू." पण आमचे स्वामी म्हणाले, गळ्यात लिंग बांधल्याशिवाय आमच्या रीतीनं माती देता येणार नाही. आधी दीक्षा, आणि दीक्षेनंतर मांसाहार कायमचा बंद. मामी तयार झाली. दिवस ठरवायला स्वामी स्वतः घरी आले, तेव्हा आषाढ नुकताच लागला होता. मामी मान खाली घालून बसली होती. मामांनी तिच्याकडं बघितलं आणि स्वामींना म्हणाले, "श्रावणात करू. येवढा आखाड खाऊ द्या तिला. जलमभर खाल्लंय, एकदम कसं तुटंल?" स्वामी हसले, मामी लाजली. दीक्षेची घाई खरी मामांनाच होती, पण उभ्या आयुष्यात त्यांनी हट्ट सोडला तो हा एकदाच.

त्याच आषाढात मामीला ताप भरला. परभणीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी रक्त चढवलं, पण ती परत आली नाही. प्रेत गावात आलं तेव्हा दीर आणि मुलगा वेशीतच उभे होते. "आमची बाई हाय, आमी आमच्या रीतीनं करणार." मामा हात जोडून म्हणाले, "जागा करून ठेवलीय तिची." दीर म्हणाला, "गळ्यात तुमचं लिंग हाय का तिच्या?" मामा आमच्या भावकीकडं वळले. स्वामींनी नाही म्हणून मान हलवली. इतके दिवस ज्यांनी तिला विचारलं नाही, ती सगळी माणसं त्या दिवशी तिच्यावरच्या हक्कासाठी किंवा धर्मासाठी हजर होती. मी भांडलो, शिव्या दिल्या, माझी कॉलर धरली गेली. तिला ओढ्याकाठी नेलं.

मामांनी जवळून चिता कधी बघितली नव्हती. मी त्यांना बाभळीपाशी धरून उभा होतो. जाळ वर गेला तसे ते माझा दंड घट्ट आवळून म्हणाले, "तिला ऊन सोसत न्हाई रे." पुन्हा तेच म्हणाले.

गेल्या महिन्यात गेलो होतो. दुकानात बरणीत बिस्किटं, मामा खुर्चीत. एक पोरगी आली, साखर मागितली. मामांनी मुकाट्यानं तोलून दिली. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "शेताकडं जाऊन यायचं का?" तर म्हणाले, "खड्डे बुजवले." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "भाच्या, माझं सगळं तुलाच करायचंय. मला बसवू नगंस. मला जाळ. त्याच ओढ्याला."

भावकी, स्वामी, सगळे डोळ्यापुढं आले. पण मामांच्या शब्दापुढं माझं कधी काय चाललंय? मी हो म्हटलं.

"लय भाजत असंल का रं?" त्यांनी विचारलं.

"मेल्यावर काय कळतंय, मामा?"

"काईच न्हाई?"

"काईच न्हाई."

"मग तिलाबी कळलं नसंल."

"नसंलच कळलं."

मामांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं, मी खरं बोलतोय का ते. मग खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "चल, चा टाक."