मेट्रनबाईंची वेगळी पाई

नर्सेसच्या वसतिगृहात मावशींना स्वयंपाक करायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. जीभ तिखट, हात मात्र गोड. दर रविवारी त्या कस्टर्ड पाई करत. साधीच, जुन्या पद्धतीची: मैद्याचं कवच आणि त्यात दुधाचं दाट कस्टर्ड. अंड्याचं पिवळं कस्टर्डात जाई, पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला फेस वर चढे. फेस घट्ट झाला की नाही हे पाहायला मावशी पातेलं सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडं धरत. इतक्या वर्षांत एकदाही डोकं धुवावं लागलं नाही, असं त्या सांगत. मुली म्हणत, दोनदा लागलं.

नव्या मेट्रनबाईंनी आल्या आल्याच अंड्यांवर बोट ठेवलं. एका पदार्थाला इतकी अंडी कशाला? रविवारी स्वतः चाखून बघेन. पटलं नाही तर पाई बंद आणि प्रत्येकीला एकेक केळं, असं त्यांनी सांगून टाकलं. मावशींच्या जिवाला घोर लागला. केळी वाटायला मावशी कशाला हवी?

त्या रविवारी त्या फार जपून कामाला लागल्या, आणि तिथेच घात झाला. एरवी त्या फेस वाफाळत्या कस्टर्डवरच पसरत, म्हणजे तो खालूनही शिजतो आणि धरून बसतो. पण आज कवचाची कड तीनदा कोरण्यात आणि फेस पुन्हा पुन्हा फेटण्यात कस्टर्ड पार थंड झालं. ओव्हनमधून पाई निघाली ती सोन्यासारखी. मेट्रनबाईंसमोर सुरी लावली मात्र, आणि वरचा फेस टोपी घसरावी तसा अलगद घसरून बशीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मधे पाण्याचं तळं.

मावशी मनातल्या मनात केळी मोजू लागल्या.

मेट्रनबाईंनी आधी कस्टर्ड संपवलं, मग फेस.

"एवढ्या अंड्यांत दोन दोन पदार्थ? आधी बोलला का नाहीत, मावशी?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, बाई."

"आणि मधे हे पातळ काय आहे?"

"पाक," मावशी म्हणाल्या.

"छान हलका आहे."

पाई वाचली, पण मावशी अडकल्या. मुलींसाठी पाई नेहमीसारखी. मेट्रनबाईंची वेगळी, खिडकीत ठेवून मुद्दाम गार केलेली. ती नीट बिघडवायला भारी जीव आटवावा लागे. फेस घसरायला हवा, पण बशीबाहेर जायला नको. पाक सुटायला हवा, पण कवच भिजायला नको.

एका रविवारी घाईगर्दीत तीही पाई अगदी व्यवस्थित जमून आली. मेट्रनबाईंनी बशी चारी बाजूंनी फिरवून पाहिली, सुरीच्या टोकाने फेस सोडवायचा प्रयत्न केला, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, आज बरं नाही का तुम्हाला?"